भांगापासून उधाणापर्यंत : सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर आठ दिवस

समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा बेत आपण बहुधा शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी पाहून आखतो. या खेपेस आमचा बेत पंचांग उघडून ठरला. भूगोल शिकवून निवृत्त झालेले माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, यांचे म्हणणे असे की किनाऱ्यावर घड्याळ उपयोगाचे नाही, तिथी उपयोगाची. कोकणात सर्रास चालणारा एक हिशोब त्यांनी आम्हाला शिकवला : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण दिवस आखायला एवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते म्हणून उधाण. अष्टमीच्या आगेमागे ती एकमेकींना काटकोनात असते, त्यामुळे पाणी चढतेही कमी आणि उतरतेही कमी, त्याला भांग म्हणतात. पौष शुद्ध अष्टमीला निघून पौर्णिमेला परतायचे, म्हणजे भांगापासून उधाणापर्यंतचे सगळे पाणी पाहायचे, असे ठरले. मी, माझी पत्नी, अकरावीतली मुलगी आणि दादा असे आम्ही चौघे होतो.

पहिला दिवस, अष्टमी

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी कुडाळला उतरलो. मालवणचा रस्ता लगेच न धरता आधी जवळच्या पिंगुळीला गेलो. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय असताना देवळादेवळांतून खेळ करण्याचे मान नेमून दिलेले असत. तो आश्रय संपल्यावर पेटारे माळ्यावर गेले. ते पुन्हा खाली काढून गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

चित्रकथी म्हणजे कथा सांगण्यासाठी काढलेल्या सुट्या चित्रांची चळत. एका आख्यानाच्या अशा संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र गुडघ्यावर उभे करतो, त्यातल्या पात्रांवरून बोट फिरवत ओवी गातो, आणि पुढचे चित्र येईपर्यंत श्रोत्याची नजर आधीच्या चित्रावरच खिळलेली राहते. आमच्यापुढे रामायणातला एक प्रसंग सादर झाला. पात्रांचे डोळे मोठाले, चेहरे एका बाजूने दाखवलेले, झाडे नक्षीसारखी. मुलीने विचारले की ही पात्रे एकमेकांकडेच का पाहतात, आपल्याकडे का पाहत नाहीत. सांगणारे गृहस्थ हसून म्हणाले, की आपल्याकडे पाहायचे काम माझे, गोष्टीत राहायचे काम त्यांचे. हे उत्तर ऐकल्यानंतर समोरचे सादरीकरण मला अधिक समजले. येथे घाईने येऊन फोटो काढून जाण्यात काही अर्थ नाही. निदान एक आख्यान पूर्ण होईपर्यंत मांडी घालून बसावे.

संध्याकाळी मालवणात पोहोचलो. ज्या घरी उतरलो त्या घरच्या वहिनींनी पहिल्याच जेवणात तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी वाढली आणि शेवटी सोलकढी दिली. दादांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केल्यावर वहिनींनी पातेलेच त्यांच्या शेजारी आणून ठेवले.

दुसरा दिवस, नवमी

पाण्याखाली उतरायचे तर भांगाच्या दिवसांत, हे दादांनी आधीच ठरवून टाकले होते. पाणी कमी हलते, त्यामुळे तळाची माती कमी उठते आणि नजर लांबवर जाते. शिवाय सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो आणि पाण्याला लाट धरत नाही. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा सुटला की चित्र पालटते. आमच्या होडीचे तांडेल काका पाण्याकडे पाहून म्हणाले, "आज भांगाचा पाणी आसा, तळ दिसतलो. पुनवेक इलात तर नुसता गढूळ." पंचांगाची आणि तांडेलाची साक्ष जुळली याचा दादांना झालेला आनंद दिवसभर टिकला.

आदल्या संध्याकाळी मात्र एक कटू अनुभव आला होता. धक्क्याजवळ ज्या माणसाशी स्कूबा डायव्हिंगचे बोलणे झाले, त्याने आमच्यापैकी कोणाला दमा, रक्तदाब किंवा कानाचा त्रास आहे का, असा एकही प्रश्न विचारला नाही; त्याचे सगळे लक्ष व्हिडिओ हवा की नको यावर होते. आम्ही ते बोलणे मोडले आणि दुसरीकडे गेलो, जिथे आधी अर्ज भरून घेतला, दादांचे वय आणि रक्तदाबाची गोळी पाहून त्यांना नम्रपणे नकार दिला आणि आम्हा तिघांना अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करवला. स्कूबा शिकवणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था जवळच तारकर्लीला आहे. ज्याला रीतसर प्रमाणपत्रापर्यंत जायचे आहे त्याने तिकडे चौकशी करावी. एका सकाळीपुरते आलेल्याला जे मिळते ते प्रशिक्षकाने हात धरून घडवलेले पाण्याखालचे दर्शन असते, आणि त्याला तेवढेच समजावे.

पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. आम्ही त्याच्या निम्मेही खोल गेलो नसू, तरी पहिल्या दोन-तीन मीटरांतच कान दुखू लागले. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, कान मोकळा झाल्यावरच पुढे जायचे, आणि काही झाले तरी श्वास रोखून धरायचा नाही, हे तीन नियम सरावात पाठ केले होते म्हणून घाबरलो नाही. खाली करड्या-हिरव्या प्रकाशात खडकांना धरून वाढलेले प्रवाळ होते, अंगावर काळे-पिवळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा होता, आणि खडकाच्या कपारीत बसून आमच्याकडे पाहणारा एक जाडजूड मासा होता, जो आम्ही निघेपर्यंत जागचा हलला नाही. सिंधुदुर्गाभोवतीचे हे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तरीही शेजारच्या होडीतला एकजण मासे गोळा व्हावेत म्हणून पावाचे तुकडे टाकत होता. छायाचित्रात मासे दाट दिसतात खरे. पण पाव हे माशाचे अन्न नव्हे, आणि प्रवाळावर पाय ठेवून उभे राहणे हे तर त्याहून वाईट. पाहुण्यांनीच नको म्हटले तर ही रीत बंद पडेल.

दुपारी किल्ल्यात गेलो. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत काम उभे राहिले. त्या वेळी ज्या खडकावर पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावरच आहे; किल्ल्याला जाणारे बहुतेक लोक त्याच्यापर्यंत जातच नाहीत. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की परक्या गलबताने नेमका मारा कोठे करावा, हे त्याला कळू नये. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याचे सांगतात. आत 1695 मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे, जिथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांप्रमाणे दाढी असलेली नाही, हे पाहून मुलगी बराच वेळ थांबली. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी चारही बाजूंनी खारे पाणी असताना गोड राहिल्या आहेत. माझ्या मते हा किल्ला टिकण्यामागे तटाइतकाच त्यांचाही वाटा आहे. पश्चिमेच्या तटातून राणीची वेळा नावाच्या लहानशा पुळणीवर उतरता येते. तेथे बसून तटाच्या पायाशी आपटणारे पाणी पाहिले, तेव्हा साडेतीनशे वर्षे हे दगड दिवसातून दोनदा काय सोसत आले आहेत, त्याची कल्पना आली. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत हा एक आहे.

तिसरा दिवस, दशमी

देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली वाळूची अरुंद पट्टी आहे. काही घरांच्या पुढल्या दारातून नदी दिसते आणि मागल्या दारातून समुद्र ऐकू येतो. दुपारी ओहोटीला नदीच्या मुखाशी उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर, ज्याला सगळे त्सुनामी बेट म्हणतात, गेलो. तेथे पाण्यावरच्या वाहनांचा इतका कल्लोळ होता की अर्ध्या तासात परतलो. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी जावे.

त्यानंतर आम्ही जी चूक केली ती आमची आमचीच. दोन कायाक घेऊन कर्लीतून वर निघालो. दोन वाजून गेले होते, म्हणजे भरती नुकतीच सुरू झाली होती, आणि खारा वाराही पाठीशी होता. वल्हे जेमतेम पाण्याला लावले तरी होडी पुढे जात होती. दोन्ही काठांना माड, मधूनमधून कांदळाची झुडपे, डोक्यावर घिरट्या घालणारी तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, असे सगळे इतके सुखाचे होते की आपण किती लांब आलो याचे भान राहिले नाही. परत फिरलो तेव्हा तोच वारा तोंडावर आला आणि तीच भरती उलटी. तासभर वल्हवून आम्ही समोरच्या एकाच घराच्या कौलांकडे पाहत होतो. दशमीची भरती साडेसातपर्यंत चढत राहणार, हा हिशोब आम्हाला सकाळी तोंडपाठ होता. काठावर खुर्चीत बसलेले दादा तो पुन्हा पुन्हा म्हणत असतील, अशी आमची खात्री होती. अखेर एका मच्छीमाराने दोर टाकून आम्हाला ओढून नेले आणि पैसे घ्यायचे नाकारले. कर्लीत कायाक चालवायची असेल तर सकाळी भरती संपता संपता वर जावे आणि ओहोटीबरोबर, वारा उठण्यापूर्वी, खाली यावे.

चौथा दिवस, एकादशी

पहाटे चिवला वेळ या मालवणच्या पुळणीवर रापण पाहायला गेलो. रापणीचे जाळे होडीने अर्धवर्तुळात सोडत नेतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणून दोन रांगा ते ओढू लागतात. रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकतात. एकाने ठेका धरला की बाकीचे त्यावर ओढतात, मागे पोहोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्यात जातो. मी आणि मुलगी रांगेत शिरलो. दोर हातात येईपर्यंत ते काम सोपे वाटते. त्यानंतर तळहात आणि पाठ आपापले मत सांगू लागतात. जाळे आले तेव्हा त्यात पेडवे होते, थोडे बांगडे, काही सौंदाळे आणि बराचसा कचरा, ज्यातल्या प्लास्टिककडे पाहून कोणीच काही बोलले नाही.

रापण ही एकट्याची मासेमारी नव्हे. जाळ्याचे, होडीचे आणि ओढणाऱ्याचे वाटे ठरलेले असतात, आणि दोराला हात लावलेला माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये असा संकेत आहे. आम्हालाही चार बांगडे मिळाले. पर्ससीन (मासळीला वेढून खालून आवळली जाणारी मोठी) जाळी आणि प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी यांमुळे किनाऱ्यापर्यंत मासळी येणे कमी झाले, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार येथे ज्याच्याशी बोलावे त्याच्या तोंडी आहे, आणि रिकाम्या टोपल्या पाहिल्यावर ती समजायला वेळ लागत नाही. घरी वहिनींची पुत्रदा एकादशी होती. त्यांनी बांगडे आमच्यासाठी तळले आणि स्वतः वरीचे तांदूळ खाल्ले.

दुपारी धामापूरच्या तलावावर गेलो. 1530 साली बांधलेला हा तलाव, त्याच्या काठचे भगवतीचे देऊळ आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या पाहून समुद्राचा खारेपणा डोळ्यांतून उतरला. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याला 2020 मध्ये मान मिळाला आहे. येथे पोहण्यापेक्षा पायरीवर शांत बसावे.

रात्री तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेला गेलो. तांडेल काकांचे ते आजोळ. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास येथल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेत रात्री दशावतारी नाटक असते. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर अशा जुन्या नावांची मंडळे रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला पेटारा घेऊन जातात. आम्ही आठ वाजता पोहोचलो, ही नवख्यांची घाई. आधी देवीची ओटी भरणे, मग पालखी, मग तिची देवळाभोवती प्रदक्षिणा, आणि हे सगळे होईपर्यंत मध्यरात्र. तोपर्यंत खाज्याच्या दुकानांपुढून हिंडलो. आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेले मालवणी खाजे कागदात बांधून घेतले ते नाटक संपेपर्यंत पुरले.

देवळाच्या बाजूच्या खोलीत नट आपापले तोंड स्वतः रंगवत होते. आख्यान कोणते करायचे हे तेथेच, रंग लावता लावता ठरत होते. लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा सगळ्यांना माहीत असतो आणि संवाद उभ्या उभ्या सुचायचे असतात. रंगमंचावर एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच अरण्यातला कातळ. हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांनी सुरुवात झाली. प्रथम गणपती आणि ऋद्धिसिद्धी, त्यांच्या पूजेला आलेला भटजी, मग सरस्वती आणि ब्रह्मदेव, आणि मग काळा वेश करून, काळ्या टोपाखाली तोंड झाकून, लाल जीभ लोंबवत आलेला संकासुर. वेद चोरणारा हा राक्षस अस्सल मालवणीत बोलतो, गावच्या बातम्या सांगतो, पुढच्या रांगेतल्या माणसाला नाव घेऊन छेडतो. आमच्याकडे वळून त्याने विचारले, "पावणे, झोप येता काय? वेद मीच न्हेलंय, झोप न्हेवक नाय!" लोक हसले, आणि त्यानंतर आम्हाला झोपण्याची सोय राहिली नाही.

या पूर्वरंगाला आड दशावतार म्हणतात, त्यानंतर आख्यान. राणीची भूमिका करणारा नट पुरुष आहे हे दादा आम्हाला सारखे बजावत होते, पण नवऱ्याने टाकल्यावर तिने जो विलाप मांडला तेव्हा तेच चष्मा पुसत होते. युद्ध नाचून होते : दोघे वीर पखवाजाच्या बोलावर गिरक्या घेत एकमेकांवर चाल करतात आणि प्रत्येक वारावर झांज कडाडते. हल्ली काही मंडळी धूर आणि दिव्यांचे ट्रिकसीन करतात. आम्ही पाहिलेल्या खेळात तसे काही नव्हते आणि काही उणे वाटले नाही. उजाडता उजाडता दहीकाला झाला. या नाटकालाच येथे दहीकालो का म्हणतात, ते हातावर दही पडल्यावर कळले.

पाचवा दिवस, द्वादशी

दुपारपर्यंत झोपलो. मग वहिनींचा निरोप घेऊन निवतीमार्गे वेंगुर्ल्याकडे निघालो. निवतीच्या किल्ल्याच्या उंचीवरून भोगव्याची पुळण एका नजरेत येते आणि समुद्रात दूर वेंगुर्ला रॉक्सचे दीपगृह दिसते. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. डॉल्फिन पाहायला होड्या सकाळी निघतात, आम्ही संध्याकाळी गेलो, त्यामुळे दिसले नाहीत.

सहावा दिवस, त्रयोदशी

कांदळवन भरतीला पाहावे, कारण ओहोटीला होडी चिखलात बसते. त्रयोदशीची भरती पावणेदहाची, म्हणून नऊ वाजता वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीवर हजर झालो. येथे स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया स्वतः वल्हे मारून कांदळवनाची सफर घडवतात. इंजिन नसल्यामुळे होडीबरोबर गप्पा चालतात आणि पक्षी उडून जात नाहीत. या सहलीत सर्वांत चांगला गेलेला दीड तास कोणता, असे विचारले तर मी हाच सांगेन.

वल्हे मारणाऱ्या ताईंनी आम्हाला पहिले झाड दाखवले ते कांदळाचे, ज्याची मुळे खोडातून कमानीसारखी निघून चिखलात रोवलेली असतात. त्याची लांब शेंग म्हणजे झाडावरच अंकुरलेले रोप असते. ते टोकाकडून खाली पडते, चिखल मिळाला तर तेथेच रुतते, नाही तर भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते. खाऱ्या पाण्यात बी टाकून वाट पाहण्यापेक्षा झाडाने लेकराला आधी वाढवून मग धाडावे, अशी ही तजवीज आहे. तिवराची रीत निराळी : ते मीठ आत घेते आणि पानांवाटे बाहेर टाकते. ताईंच्या सांगण्यावरून मुलीने एक पान चाटले आणि तोंड वाकडे केले. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची श्वसनमुळे पाण्याखाली गेली होती. ती पाहायची तर ओहोटीला काठाने चालत यावे लागेल, असे त्या म्हणाल्या. चिपीचेही दर्शन झाले. पांढरी चिपी ही 2020 पासून महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष आहे. काठावर मारांडीची काटेरी पाने, फांदीवर निळा खंड्या, आणि मुळांच्या जाळीत लहान माशांची लगबग. ही जाळी नसेल तर खाडीतली मासळी वाढायची कोठे, असा प्रश्न ताईंनी केला. याआधी कांदळ म्हणजे जळण एवढेच आम्हाला ठाऊक होते, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

संध्याकाळी वायंगणीच्या किनाऱ्यावर गेलो. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री येथे वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. कुत्री आणि कोल्हे अंडी उकरतात म्हणून गावकरी व वन विभाग ती उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यांत पुरतात आणि प्रत्येकावर तारखेची पाटी लावतात. पिल्ले बाहेर यायला सुमारे पन्नास दिवस लागतात. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निपजतात. आम्ही गेलो तेव्हा पाट्या होत्या, कुंपण होते, राखणदार होते, पिल्ले नव्हती. पहिल्या घरट्याला अजून दोन आठवडे होते. मुलगी हिरमुसली, पण राखणदारांनी तिला पाटीवरची तारीख वहीत उतरवून घ्यायला सांगितली आणि पन्नास मोजायला लावले.

सातवा दिवस, चतुर्दशी

सावंतवाडी किनाऱ्यावर नाही, तरी किनाऱ्याची सहल तिच्यावाचून अपुरी राहते. चितार आळीत लाकडी फळे आणि खेळणी पाहिली. लाकडी मिरचीचा देठ खऱ्या मिरचीसारखा वाकवलेला होता. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचे, काम चालते. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरू घातलेली ही कला पुन्हा उभी केली. गंजिफाची पाने गोल असतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण 120. जत्रेत रात्रभर पाहिलेले सगळे दैवतमंडळ येथे तळहातावर मावत होते. मला सर्वांत आवडला तो खेळाचा नियम : डाव दिवसा मांडला तर उतारी रामाच्या राजाने होते आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या. पत्त्यांनासुद्धा वेळ विचारूनच बसायचे, म्हणून दादा विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत राहिले.

आठवा दिवस, पौर्णिमा

गाडी संध्याकाळी सावंतवाडीहून होती. सकाळी वाटेत आरवलीला वेतोबाचे दर्शन घेतले. या देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. वाहिलेल्या चपलांची रांग पाहून आदल्या आठवड्यात आम्ही किती चाललो, याचा कोणीच उल्लेख केला नाही.

अकराच्या आत शिरोड्याच्या मिठागरांवर पोहोचलो. 1930 च्या मे महिन्यात याच मिठागरांवर महाराष्ट्रातल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला होता. आज तेथे बांधांनी आखलेले चौकोन, काठाला गेल्या हंगामातल्या मिठाची झाकून ठेवलेली रास आणि नव्या हंगामासाठी चोपून सारखे केलेले वाफे होते. मिठागराला पाणी कोठून येते, असा प्रश्न मला इतकी वर्षे पडलाच नव्हता. भांगाचे पाणी बांधापर्यंत चढत नाही, उधाणाचे चढते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातले फळीचे दार, मोकळी करून खाडीचे पाणी साठवणीच्या मोठ्या वाफ्यात घेतात, आणि मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे फिरवत उन्हावर आटवत नेतात.

उघाडीपाशी एक वयस्क आगरकर, म्हणजे मिठागरावर काम करणारे गृहस्थ, फळीला हात लावून उभे होते. सकाळपासून खाडी फुगत आली होती, गवताची पाती बुडाली होती, आणि सव्वाअकराच्या सुमारास पाणी बांधाच्या खुणेवर आले. त्यांनी फळी उचलली. पाणी आधी गढूळ फेस घेऊन आत घुसले, मग संथ झाले, आणि अर्ध्या तासात कोरड्या मातीच्या जागी आभाळ दिसू लागले. दादा हातातले पंचांग मिटून नुसते पाहत होते. खाडीचे पाणी थबकलेले दिसताच आगरकरांनी फळी खाली दाबली, तिच्या कडांना ओला चिखल लिंपला, हात धुतले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "झाला. आता पाणी अवसेक."